जुन्या संगणकाचे बिनतारी कार्ड आणि लिनक्सच्या दोन फाईली



शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीचा प्रस्ताव, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, महाविद्यालयाची प्रवेशफेरी, ही सारी कामे आता इंटरनेटवरूनच करावी लागतात, हे आपण जाणताच. मोबाईलवर त्यांतील पुष्कळसे होते. परंतु उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बोनाफाईड अशी सहा-सात कागदपत्रे ठरावीक आकारात बसवून चढवायची वेळ आली की मोबाईलचा पडदा अपुरा पडतो आणि मुले सायबर कॅफेची वाट धरतात. तेथे तासाचे पैसे मोजावे लागतात, आपले कागद परक्या यंत्रावर राहून जातात, आणि शेवटच्या तारखेला रांग लागते ती वेगळीच.

दुसरीकडे, दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा लॅपटॉप कोणाच्या तरी कपाटावर धूळ खात पडलेला असतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ अशा जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. लिनक्स मात्र चालते व त्याला पैसे पडत नाहीत. कोणीतरी जाणकार ते घालून देतो, पडदा उजळतो, मराठीत टंकताही येते; आणि गाडी अडते ती एकाच ठिकाणी. बिनतारी जाळे, म्हणजे आपण ज्याला वाय-फाय म्हणतो ते, काही केल्या जोडले जात नाही. मग दुकानात सांगितले जाते की हे कार्ड लिनक्सला चालत नाही, नवे घ्या. आमचे सांगणे असे की, खिशात हात घालण्यापूर्वी यंत्राला काही प्रश्न क्रमाने विचारावेत. त्यांची उत्तरे यंत्र स्वतः देते, आणि पुष्कळदा दोष कार्डात नसून एखाद्या फाईलीतील एका ओळीत सापडतो.

उदाहरणासाठी येथे डेबियन घेतले आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला हा लिनक्सचा संच आज जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. आपल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. यंत्र जर ३२ बिटांचे असेल तर डेबियन १२ घ्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या संगणकांसाठी स्थापना-संच दिलेला नाही.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ही स्मरणिका देवनागरीत छापली जात असल्याने आज्ञा आणि फाईलींची नावेही देवनागरीतच दिली आहेत. यंत्रावर टंकताना ती इंग्रजी लहान लिपीत टंकावीत, आकडेही इंग्रजीच. ‘ईटीसी’, ‘पीएसके’ अशी अक्षरे एकामागून एक समजावीत. ‘लिंक’, ‘स्कॅन’ असा शब्द आला तर त्याचे नेहमीचे स्पेलिंग. अवतरणचिन्हे छापखान्यात कशीही वळलेली दिसली तरी यंत्रावर सरळ उभीच टंकावीत. वर्ड फाईलीतून उतरवलेली वळणदार अवतरणचिन्हे लिनक्सला कळत नाहीत, आणि डोळ्यांना तो फरक पटकन दिसत नाही.

लिनक्सला बिनतारी कार्ड चालत नाही हा समज आला कोठून, तेही थोडक्यात पाहू. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. कार्डे बाजारात आली तेव्हा अनेक उत्पादकांनी ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी दिले आणि कार्डाची अंतर्गत माहिती झाकून ठेवली. तेव्हा लिनक्सवाल्यांनी विंडोजचा ड्रायव्हर एका आवरणात घालून चालवण्यासारख्या खटपटीही केल्या. पुढे चित्र पालटले. इंटेलने २००४ च्या सुमारास आपल्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर आणला, ब्रॉडकॉमनेही २०१० साली नव्या कार्डांसाठी तसे केले. समज मात्र होता तेथेच राहिला.

आता कामाकडे वळू. पहिला प्रश्न : कार्ड यंत्राला दिसते काय? कार्ड आत बसवलेले असेल तर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी आणि पुढे जागा सोडून वजा चिन्ह व ‘के’ लिहावे. यूएसबीला लावायचे छोटे कार्ड असेल तर ‘एलएसयूएसबी’. पहिल्या आज्ञेच्या उत्तरात कार्डाचे नाव आणि त्याखाली कोणता ड्रायव्हर ते हाताळत आहे हे येते. नाव आले, पण ड्रायव्हरची ओळ नाही, तर अडचण ड्रायव्हरची. मुळात नावच नाही, तर कार्ड सैल झालेले किंवा खरोखरच निकामी असू शकते. दुकानदाराचे म्हणणे येथे, आणि जवळजवळ येथेच, खरे ठरते.

दुसरा प्रश्न फर्मवेअरचा. कार्ड हा स्वतःच एक लहानसा संगणक असतो आणि त्याच्या पोटात चालणारी आज्ञावली पुष्कळदा त्याच्याजवळ नसते. यंत्र सुरू होताना लिनक्सने ती फाईलीतून काढून कार्डाला भरवायची असते. ती फाईल नसेल तर ड्रायव्हर असूनही कार्ड मुके राहते. ‘डीमेसेज’ (हिचे स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी) ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिली असता गाभ्याची रोजनिशीच पडद्यावर येते. तीत फर्मवेअर चढवता आले नाही अशा अर्थाची ओळ शोधावी. ही फर्मवेअरे खुली नसल्यामुळे डेबियनने ती वर्षानुवर्षे मुख्य संचाबाहेर ठेवली होती. २०२२ साली सभासदांचे मतदान होऊन, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती अधिकृत स्थापना-संचातच दिली जातात. जुनी आवृत्ती असेल तर इंटेलसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’ असे संच घालावे लागतात. ‘ॲथ९के’ या ड्रायव्हरवर चालणाऱ्या ॲथरॉसच्या अंतर्गत कार्डांना असे काही भरवावे लागत नाही. जुना लॅपटॉप निवडण्याची संधी मिळालीच, तर आम्ही असे कार्ड असलेला घेऊ.

आता फर्मवेअर आणायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठीच तर फर्मवेअर हवे. घराची किल्ली घरातच राहावी तसा हा प्रकार. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे अँड्रॉइड मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडून त्यात ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करणे. लिनक्सला तो मोबाईल तारेच्या जाळ्यासारखा दिसतो आणि तेवढ्यापुरते काम भागते.

तिसरा प्रश्न अगदी साधा आहे, आणि म्हणूनच विसरला जातो. कार्डाचा रेडिओ बंद तर नाही ना? ‘आरएफकिल लिस्ट’ अशी आज्ञा द्यावी. ‘सॉफ्ट’ अडथळा असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ या आज्ञेने तो निघतो. ‘हार्ड’ अडथळा मात्र आज्ञेने निघत नाही; लॅपटॉपच्या कडेला एक लहान सरकता खटका असतो किंवा कळफलकावर अँटेनाचे चित्र असलेली कळ असते, ती हातानेच बदलावी लागते. दहा वर्षे धूळ साचलेला हा खटका न दिसल्यामुळेही कार्डावर ठपका येतो.

‘आयपी लिंक’ या आज्ञेने कार्डाचे लिनक्समधील नाव कळते. जुन्या पुस्तकांत ते ‘डब्ल्यूएलएएन०’ असे असते. २०१३ नंतरच्या पद्धतीत ते ‘डब्ल्यूएलपी३एस०’ असे दिसते. म्हणजे बिनतारी जाळे, तिसरी पीसीआय वाहिनी, शून्य क्रमांकाची खाच. आपल्या यंत्रावर जे असेल तेच पुढे सर्वत्र वापरावे. मग ‘आयपी लिंक सेट डब्ल्यूएलपी३एस० अप’ म्हणून कार्ड जागे करावे आणि ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी३एस० स्कॅन’ म्हणून आसपासची जाळी पाहावीत. दोन्ही आज्ञांना प्रशासकाचा अधिकार लागतो.

येथे एक नेहमीची तक्रार येते. मोबाईलला घरचे जाळे दिसते, लॅपटॉपला शेजाऱ्यांची दिसतात पण घरचे नाही. कारण बहुधा असे असते की राऊटर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलत आहे आणि जुन्या कार्डाला फक्त २.४ ऐकू येते. राऊटरमध्ये २.४ चा पट्टा चालू केला की काम होते. देशाचा संकेत दिलेला नसेल तर लिनक्स सावधगिरीने १२ आणि १३ या वाहिन्यांवर आपण होऊन बोलत नाही. भारतात या पट्ट्यात १ ते १३ वाहिन्या वापरता येतात. हा संकेत कोठे द्यायचा ते पुढे येईलच.

आता त्या दोन फाईली. पहिली फाईल गुप्त किल्लीची. ती वाचणाऱ्या आज्ञावलीचे नाव ‘डब्ल्यूपीए_सप्लिकंट’. सप्लिकंट म्हणजे अर्जदार, आणि नाव चपखल आहे. आपला संगणक राऊटरच्या दारात अर्ज करतो, राऊटर त्याची ओळख पटवतो आणि मग आत घेतो. विशेष हे की या देवघेवीत पासवर्ड हवेतून जातच नाही. दोन्ही बाजू एकमेकींना यादृच्छिक आकडे पाठवतात, त्या आकड्यांवर आपापल्याजवळच्या किल्लीने गणित करतात आणि उत्तर जुळते का पाहतात. चार निरोपांत काम आटोपते. मात्र हे चार निरोप कोणी चोरून ऐकले, तर तो घरी बसून हजारो शब्द लावून पाहू शकतो. म्हणून गावाचे नाव आणि १२३ असा पासवर्ड कामाचा नाही. तीन-चार असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड ठेवावा. मर्यादा ८ ते ६३ चिन्हांची आहे आणि तो इंग्रजी लिपीतच हवा.

जुन्या पुस्तकांत ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ नावाची आज्ञा आणि तिच्यापुढे किल्ली, अशी सोपी रीत दिलेली आढळते. ती आता उपयोगाची नाही. ती डब्ल्यूईपी या जुन्या कुलपासाठी होती आणि ते कुलूप किती कच्चे आहे हे २००१ सालीच सिद्ध झाले. आजची घरगुती जाळी २००४ च्या डब्ल्यूपीए२ वर किंवा २०१८ च्या डब्ल्यूपीए३ वर चालतात. जुन्या कार्डांपैकी पुष्कळांना निव्वळ डब्ल्यूपीए३ पेलत नाही. राऊटरवर दोन्हींचा मिश्र पर्याय असतो, तो निवडावा.

डेबियनमध्ये ‘डब्ल्यूपीएसप्लिकंट’ नावाचा संच (येथे मध्ये खालची रेघ नाही, आणि सप्लिकंटमध्ये ‘पी’ दोनदा येतो) घातला की नॅनोसारख्या साध्या संपादकात प्रशासकाच्या अधिकाराने पुढील फाईल तयार करावी :

/ईटीसी/डब्ल्यूपीए_सप्लिकंट/डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फ

आणि तीत एवढाच मजकूर लिहावा :

कंट्री=आयएन
नेटवर्क={
    एसएसआयडी="अभ्यासिका"
    पीएसके="येथे आपला पासवर्ड"
}

पहिल्या ओळीत भारताचा संकेत आहे. ‘आयएन’ ही दोन अक्षरे मात्र मोठ्या लिपीत लिहावीत. दुसऱ्या ओळीपासून जाळ्याचे वर्णन सुरू होते. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नये. वहीत गणित मांडताना आपण जागा सोडतो, तीच सवय येथे घात करते. ‘नेटवर्क’, जागा, बरोबर, जागा, महिरपी कंस असे लिहिले तर ही आज्ञावली ती ओळ ओळखतच नाही. दुसरे जाळे असेल तर खाली असाच दुसरा कंस लिहावा. जाळ्याचे नाव लपवलेले असेल तर कंसात ‘स्कॅन_एसएसआयडी=१’ ही ओळ वाढवावी.

ओघात आले म्हणून सांगतो : राऊटर मान्य करीत असेल तर जाळ्याचे नाव खरोखरच देवनागरीत ठेवता येते. नावाला ३२ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यात काना, वेलांटी आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे दहा चिन्हे बसतात. ‘अभ्यासिका’ या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. तो बसतो.

पासवर्ड असा उघड लिहिलेला नको असेल तर ‘डब्ल्यूपीए_पासफ्रेज’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे अवतरणचिन्हांत जाळ्याचे नाव द्यावे. ती पासवर्ड विचारते, त्यावर जाळ्याचे नाव मिसळून ४०९६ वेळा गणित करते आणि ६४ आकडी किल्ली काढून देते. ती किल्ली ‘पीएसके=’ च्या पुढे अवतरणचिन्हांशिवाय लिहावी. या आज्ञेच्या उत्तरात # चिन्हामागे मूळ पासवर्डही छापलेला असतो. ती ओळ फाईलीत ठेवली तर सारा खटाटोप व्यर्थ. जाळ्याचे नाव बदलले की किल्लीही नव्याने काढावी लागते. आणि ही ६४ आकडी किल्ली त्या जाळ्यापुरती पासवर्डाइतकीच समर्थ असल्याने फाईल सर्वांना वाचता येणार नाही अशी ठेवलीच पाहिजे. ‘सीएचमॉड ६००’ आणि पुढे फाईलीचे पूर्ण नाव, एवढ्याने ती केवळ प्रशासकापुरती राहते. जेथे दिवसभरात पाच-दहा विद्यार्थी एकाच यंत्रावर बसतात तेथे तर हे आवश्यकच समजावे.

दुसरी फाईल /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस. तीत आधीच्या ओळी तशाच ठेवून खाली ह्या तीन ओळी जोडाव्यात :

ऑटो डब्ल्यूएलपी३एस०
आयफेस डब्ल्यूएलपी३एस० आयनेट डीएचसीपी
    डब्ल्यूपीए-कॉन्फ /ईटीसी/डब्ल्यूपीए_सप्लिकंट/डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फ

पहिली ओळ म्हणते, यंत्र सुरू होताच हे कार्ड जोड. (यूएसबीचे काढघालीचे कार्ड असेल तर ‘ऑटो’ ऐवजी ‘अलाऊ-हॉटप्लग’ लिहावे.) दुसरी म्हणते, जाळ्यातील पत्ता राऊटरकडून मागून घे. ‘आयफेस’चे स्पेलिंग आय, एफ, ए, सी, ई. तिसरी किल्लीची फाईल दाखवते. येथे ‘डब्ल्यूपीए’ आणि ‘कॉन्फ’ यांच्यामध्ये आडवी रेघ आहे आणि पुढच्या मार्गात खालची रेघ. या दोन रेघांची अदलाबदल ही नवशिक्यांची सर्वांत मोठी खोट. मग ‘आयएफअप डब्ल्यूएलपी३एस०’ अशी आज्ञा द्यावी. सर्व नीट असेल तर काही क्षणांत पत्ता मिळतो.

नाही मिळाला तर? प्रथम ‘आयएफडाऊन’ने कार्ड खाली आणावे आणि अर्जदारालाच डोळ्यांसमोर काम करायला लावावे : ‘डब्ल्यूपीए_सप्लिकंट’, मग वजा आय व जागा सोडून कार्डाचे नाव, मग वजा सी व जागा सोडून फाईलीचे नाव. तो काय करतो ते ओळीओळीने पडद्यावर येते. किल्ली चुकीची असल्याची सूचना आली तर पासवर्ड तपासावा. जाळे सापडलेच नाही तर नावातील लहान-मोठी अक्षरे पाहावीत. ‘कनेक्टेड’ असे आले तर किल्लीचा भाग निर्दोष आहे आणि दोष पुढे, पत्त्यात आहे. कंट्रोल आणि सी दाबून बाहेर यावे, पुन्हा ‘आयएफअप’ द्यावे आणि ‘आयपी ॲडर’ने (‘ॲडर’ म्हणजे ए, डी, डी, आर) पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेला नाही, यंत्राने स्वतःच ठेवून घेतला आहे. पत्ता ठीक असेल तर ‘आयपी रूट’मध्ये दिसणाऱ्या राऊटरला पिंग करावे, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाले तर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाईल उघडावी. नावाचा पत्ता कोणाला विचारायचा ते तीत लिहिलेले असते, किंवा लिहायचे राहिलेले असते. हा क्रम सोडून मधूनच कोठेतरी हात घातला की वेळ जातो, आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

कोणी विचारेल, पडद्याच्या कोपऱ्यातील चित्रावर टिचकी मारून हे होत नाही काय? होते. ते काम ‘नेटवर्कमॅनेजर’ करतो, आणि जो लॅपटॉप घर, महाविद्यालय, मामाचे गाव असा फिरतो त्याला तोच बरा. पण टिचकी मारली तरी शेवटी तोही एक फाईलच लिहितो. एका जागी राहणाऱ्या, अनेकांनी वापरायच्या यंत्राला आम्ही वरील दोन फाईलींची पद्धत पसंत करतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टिचकीने तिचे काही बिघडत नाही. एकाच कार्डावर दोन्ही पद्धती लावू नयेत. इंटरफेसेस फाईलीत ज्या कार्डाचे नाव आहे त्याला डेबियनमधील नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. चित्रावर ‘अनमॅनेज्ड’ असे दिसले तर घाबरू नये, याचाच तो अर्थ.

एकदा चाललेल्या दोन फाईली पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या यंत्रावर तशाच ठेवता येतात. तेथे फक्त कार्डाचे नाव बदलावे आणि सीएचमॉडची आज्ञा पुन्हा द्यावी. काम झाल्यावर ती पेन ड्राइव्ह पुसावी, कारण किल्ली तिच्यावरही आहे.

आणि हे सर्व जमूनही सरकारी संकेतस्थळे उघडत नसतील, प्रमाणपत्र वैध नाही अशी सूचना येत असेल, तर जाळ्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहावे. जुन्या लॅपटॉपच्या आतील बटणाएवढी बॅटरी संपलेली असते, यंत्र दर वेळी काही वर्षे मागच्या तारखेला जागे होते, आणि आजचे प्रमाणपत्र त्याच्या हिशोबाने अजून सुरूच झालेले नसते. ‘डेट’ एवढी आज्ञा देऊन तारीख पाहावी. चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करावी, मग अर्ज भरायला बसावे. ती लहान बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळू शकते. लॅपटॉपमध्ये ती पुष्कळदा वायर व प्लगसह येते, म्हणून जुनी काढून नमुन्याला सोबत न्यावी.